वेगवान फिनिशर कुठे जास्त? मोठ्या मॅरेथॉनचा तुलनात्मक आढावा

तिसाव्या किलोमीटरनंतर पाय जड होतात, तेव्हा मनगटावरच्या घड्याळापेक्षा पुढच्या माणसाची पाठ जास्त कामाला येते. तीन तासांच्या आत यायचं तर सरासरी ४:१६ प्रति किलोमीटरचा पेस लागतो. त्याच पेसचे वीस-तीस जण आसपास असले की वारा अडतो, लय टिकते आणि दर किलोमीटरला हिशेब करत बसावं लागत नाही. एकट्याने तोच वेग राखायला जास्त ताकद लागते. २०१९ मध्ये व्हिएन्नात एलिउड किपचोगे १:५९:४० मध्ये पळाला तो आळीपाळीने बदलणाऱ्या पेसरांच्या, म्हणजे ठरलेला वेग राखून सोबत पळणाऱ्यांच्या, कवचात. त्या धावेला विक्रमाचा दर्जा मिळाला नाही, पण सोबतीची किंमत तिने नेमकी दाखवली. म्हणून चांगली वेळ नोंदवायची असेल, तर शर्यत निवडताना आपल्या वेगाचे लोक तिथे किती येतात हे पाहिलंच पाहिजे.

याचं उत्तर निकालाच्या यादीत असतं. पण बहुतेक जण तीन तासांच्या आतले सगळे मोजतात आणि ज्या शर्यतीचा आकडा मोठा, ती वेगवान ठरवून मोकळे होतात. त्या एका आकड्यात तीन गोष्टी कालवलेल्या असतात: रस्ता किती सोपा, प्रवेश कोणाला दिला आणि एकूण माणसं किती. न्यूयॉर्कला २०२४ मध्ये ५५ हजारांहून जास्त लोकांनी शर्यत पूर्ण केली. इतक्या गर्दीत वेगवान लोक संख्येने बरेच निघणारच. म्हणून तो रस्ता वेगवान ठरत नाही. उलट जपानमधल्या एखाद्या निवडक शर्यतीत मोजकेच लोक पळतात आणि त्यातला शेवटचाही तीन तासांच्या कितीतरी आत असतो.

आमचा कौल असा. अडीच ते सव्वातीन तासांच्या पट्ट्यात वेळ काढायची असेल तर व्हॅलेन्सिया पहिली, बर्लिन दुसरी, आणि हवा साथ देईल असा भरवसा असेल तर शिकागो तिसरी. बोस्टनमध्ये वेगवान लोकांचं प्रमाण प्रचंड आहे, पण पीबीसाठी, म्हणजे स्वतःच्या आजवरच्या सर्वोत्तम वेळेसाठी, बोस्टन निवडू नका. न्यूयॉर्क अनुभवासाठी उत्तम, वेळेसाठी नाही. हा कौल पटवून घ्यायचा तर आधी मोजणी नीट हवी.

मोजणीतली पहिली पायरी म्हणजे टक्केवारी. तीन तासांच्या आतल्यांना एकूण फिनिशरांनी, म्हणजे शर्यत पूर्ण करणाऱ्यांच्या संख्येने, भागा. नोंदणी केलेल्यांनी किंवा सुरुवात केलेल्यांनी नको. शर्यत सोडणाऱ्यांचा आकडा वेगळा लिहून ठेवा. गरम दिवशी तो फुगतो आणि मग टक्केवारी खोटी चांगली दिसू लागते, कारण कोसळलेले लोक यादीतच नसतात.

दुसरी पायरी, पुरुष आणि महिला वेगळे मोजा. सरसकट तीन तासांची रेघ मारली की ज्या शर्यतीत महिलांचं प्रमाण जास्त ती उगाच मंद ठरते. अव्वल पातळीवर दोघांच्या वेळेत साधारण दहा-अकरा टक्क्यांचं अंतर असतं. त्या हिशेबाने पुरुषांच्या ३:०० ची बरोबरी महिलांच्या ३:२० च्या आसपास होते. बोस्टनला बहुतेकांना ठरावीक वेळ दाखवूनच प्रवेश मिळतो; त्या पात्रतेत हे अंतर सरळ अर्ध्या तासाचं धरलं आहे: २०२६ च्या शर्यतीसाठी १८ ते ३४ वयोगटात पुरुषांना २:५५ आणि महिलांना ३:२५. वयाचंही तेच. तिथेच ६० ते ६४ वयाच्या पुरुषाला ३:५० पुरतात, आणि त्या वयात ३:५० ही खरोखर वेगवान वेळ आहे. ज्येष्ठ धावपटूंची मोठी फळी असलेली शर्यत तीन तासांच्या फुटपट्टीने मोजणं हा तिच्यावर अन्याय आहे.

तिसरी पायरी सगळ्यात उपयोगाची आणि सगळ्यात दुर्लक्षित: घनता. आपल्या लक्ष्याच्या आसपासच्या एका मिनिटात किती जण फिनिश करतात ते मोजा. ४:१६ च्या पेसने माणूस मिनिटाला सुमारे २३४ मीटर जातो. त्या मिनिटात ६० जण आले तर दोघांमधलं सरासरी अंतर चार मीटरच्या आत राहतं. म्हणजे प्रत्यक्षात घोळकाच. दहा जण आले तर २३ मीटर. तीनच आले तर ७८ मीटर, म्हणजे तुम्ही एकटे. वारा अडवायला पुढचा माणूस एक-दोन मीटरवर हवा. वीस मीटरवरची पाठ फक्त डोळ्यांना आधार देते.

इथे गोल आकड्यांचा एक सापळा आहे. ३:०० च्या अलीकडे फिनिशरांचा ढीग असतो आणि पलीकडे एकदम ओहोटी लागते, कारण सगळ्यांचं लक्ष्य तेच आणि पेसरही त्याच वेळेचे. २:५९ च्या मिनिटात दिसलेली गर्दी २:५२ ला असेलच असं नाही. २:५२ चं लक्ष्य असेल तर २:५० ते २:५४ हाच पट्टा मोजा. बऱ्याच शर्यतींत ३:०० पेक्षा वेगवान पेसर थेट २:५० चा असतो किंवा नसतोच, आणि मधले लोक पोरके पळतात.

घनता मोजताना गन टाइमही बघा. गन टाइम म्हणजे शर्यत सुरू झाल्याच्या इशाऱ्यापासूनची वेळ, नेट टाइम म्हणजे तुम्ही सुरुवातीची (वेळ नोंदवणारी) मॅट ओलांडल्यापासूनची वेळ. बोस्टनची पात्रता नेट टाइमवर धरतात, जागतिक विक्रम मात्र गन टाइमवर. नेट टाइममध्ये शेजारी दिसणारे दोघे वेगवेगळ्या वेव्हमधून (टप्प्याटप्प्याने सोडलेल्या गटांतून) वीस मिनिटांच्या फरकाने निघालेले असू शकतात. रस्त्यावर त्यांची गाठ पडलेलीच नसते. सोबत मोजायची तर गन टाइमची यादी घ्या, गुणवत्ता मोजायची तर नेट टाइमची.

एवढं झाल्यावर रस्त्याची खरी परीक्षा घ्या. निकालातून अर्धी मॅरेथॉन १:२८ ते १:३० मध्ये पार केलेले लोक वेगळे काढा आणि त्यातले किती जण तीन तासांच्या आत पोचले ते पाहा. दोनशे जणांचा नमुना पुरतो. प्रवेशाच्या अटी कशाही असोत, हे गुणोत्तर रस्ता आणि हवा यांच्याबद्दलच बोलतं. एकाच शर्यतीची किमान तीन वर्षं घ्या, कारण एखादा थंड, निवांत वाऱ्याचा दिवस कुठल्याही रस्त्याला वेगवान ठरवून जातो.

आता एकेक शर्यत.

बर्लिन सप्टेंबरच्या अखेरीस असते. रस्ता समुद्रसपाटीपासून साधारण ३८ ते ५३ मीटरांच्या दरम्यानच वरखाली होतो, वळणं रुंद, पृष्ठभाग चांगला. १९९८ मध्ये रोनाल्दो दा कोस्टाच्या २:०६:०५ पासून २०२२ मध्ये किपचोगेच्या २:०१:०९ पर्यंत पुरुषांचे जागतिक विक्रम इथे पुन्हा पुन्हा झाले. महिलांमध्ये नाओको ताकाहाशीने २००१ मध्ये इथेच २:१९:४६ पळून पहिल्यांदा २:२० ची भिंत फोडली आणि २०२३ मध्ये टिगिस्ट असेफाने २:११:५३ नोंदवले. या कीर्तीमुळे जगभरचे पीबीचे उमेदवार इथे येतात, आणि वेळेच्या पुराव्यावर वेगवान धावपटूंना लॉटरीबाहेर प्रवेशही मिळतो. त्यामुळे पुढच्या फळ्या दाट असतात. उणिवा दोन. पाण्याच्या ठिकाणी प्लास्टिकचे पेले पायांखाली येतात आणि ओल्या रस्त्यावर घसरायला होतं. टेबलाच्या शेवटच्या टोकाकडून पाणी उचला, तिथे गर्दी कमी असते. दुसरी, हवामान. सप्टेंबरचा शेवट काही वर्षी उबदार निघतो, आणि तीन तास पळणाऱ्याला पाच ते बारा अंशांची हवा लागते. शिवाय ब्रांडेनबुर्ग दरवाजा म्हणजे फिनिश नव्हे. त्यानंतरही काही शे मीटर उरतात. दरवाजा बघून जोर लावणारे शेवटच्या पट्ट्यात हमखास ढेपाळतात.

व्हॅलेन्सियाची ताकद तारखेत आहे. डिसेंबरची सुरुवात, समुद्राकाठचं सपाट शहर, सकाळची गार हवा. २०२२ मध्ये केल्विन किप्टम पदार्पणातच इथे २:०१:५३ पळाला, त्याच दिवशी अमाने बेरिसोने २:१४:५८ दिले. पुढच्या वर्षी सिसाय लेमाने २:०१:४८. पण आमच्या मते या शर्यतीचं खरं वैभव विजेत्यांच्या मागे आहे. युरोपातले क्लबमध्ये सराव करणारे गंभीर हौशी धावपटू हंगामातली मोठी शर्यत म्हणून हिच्याकडे पाहतात. २:३० पासून ३:१० पर्यंत फळी कुठे तुटत नाही, आणि २:४५ च्या आसपासही, जिथे बहुतेक शर्यतींत माणूस एकटा पडतो, इथे घोळका मिळतो. उणीव म्हणजे हीच दाटी पहिल्या दोन-तीन किलोमीटरांत नडते. गर्दीतून वाट काढण्यासाठी नागमोडी पळू नका. सुरुवातीला गेलेले दहा सेकंद पुढच्या दहा किलोमीटरांत एकेक सेकंदाने सहज भरून निघतात. झिगझॅग करून वाया गेलेले मीटर परत मिळत नाहीत.

शिकागोत २०२३ मध्ये किप्टमने २:००:३५ चा जागतिक विक्रम केला, २०१९ मध्ये ब्रिजिड कोसगेईने २:१४:०४ चा. रस्ता सपाट, अगदी शेवटच्या काही शे मीटरांत रूझवेल्ट रोडचा छोटा चढ लागतो, तो आधी माहीत असला की धसका बसत नाही. पेसरांची व्यवस्था पद्धतशीर आहे, ३:०० चा गट मोठा असतो. पण ऑक्टोबरची हवा लहरी. २००७ मध्ये उष्णतेमुळे शर्यत मध्येच थांबवावी लागली होती. दुसरी अडचण घड्याळाची. उंच इमारतींमध्ये जीपीएस भरकटतं आणि पहिल्याच किलोमीटरला भलताच पेस दाखवतं. इथे घड्याळाचा ऑटो लॅप (किलोमीटर आपोआप मोजणं) बंद ठेवा आणि रस्त्यावरच्या खुणेपाशी लॅपचं बटण हाताने दाबा. पाच किलोमीटर २१:२० आणि अर्धी १:३० च्या किंचित आत, एवढे दोन आकडे हातावर लिहिले तरी पुरे.

बोस्टनचा विषय वेगळाच. ३० हजारांच्या शर्यतीत सुमारे २४ हजार लोक पात्रतेची वेळ दाखवून आलेले असतात. म्हणून वेगवान फिनिशरांच्या टक्केवारीत ती कायम वर दिसते. त्यात पात्रता गाठली म्हणजे प्रवेश मिळाला असंही नाही. २०२५ साठी पात्रतेपेक्षा ६:५१ मिनिटं जास्त वेगवान असावं लागलं. तेव्हाची १८ ते ३४ पुरुषांची ३:०० ची रेघ प्रत्यक्षात २:५३:०९ झाली. २०२६ साठी रेघच २:५५ वर आणली, तरीही आणखी ४:३४ लागले, म्हणजे २:५०:२६. इतक्या गाळणीतून आलेले लोक वेगवान असणारच. त्यांनी ती वेळ मात्र दुसरीकडे काढलेली असते, आणि त्यांच्यातले बरेच जण बोस्टनमध्ये त्याहून हळू पळतात.

कारण रस्ता. सुरुवात ते फिनिश निव्वळ उतार सुमारे १४० मीटर आहे, आणि तो फसवा आहे. सुरुवातीच्या उतारावर मांड्यांचे पुढचे स्नायू ब्रेकसारखे राबतात, झिजतात. मग २६ ते ३४ किलोमीटरच्या दरम्यान न्यूटनचे चढ येतात, त्यातला शेवटचा हार्टब्रेक हिल. चढ एरवी मोठे नाहीत. तिथे पोचेपर्यंत मांड्या खलास झालेल्या असतात, म्हणून ते मारतात. रस्ता एका दिशेचा असल्याने वारा पाठीशी असला तर पूर्णवेळ, समोरून आला तरी पूर्णवेळ. २०११ मध्ये पाठीवरच्या वाऱ्यात जेफ्री मुताई २:०३:०२ पळाला. २०१८ मध्ये समोरून वारा आणि गार पाऊस, तेव्हा पुरुषांची शर्यत २:१५:५८ मध्ये आणि महिलांची २:३९:५४ मध्ये जिंकली गेली. मुताईची वेळ जागतिक विक्रम ठरली नाही, कारण नियमाप्रमाणे निव्वळ उतार किलोमीटरला एक मीटरपेक्षा, म्हणजे एकूण ४२ मीटरांपेक्षा, जास्त नको आणि सुरुवात-फिनिशमधलं सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त नको. बोस्टन दोन्हींत बसत नाही. इथे अधिकृत पेसरही नसतात. तरी सोबत हवी असणाऱ्याला बोस्टनइतकी एकसारख्या वेगाची गर्दी क्वचित मिळेल, कारण बिब नंबर (छातीवरचे क्रमांक) पात्रतेच्या वेळेनुसार लागतात आणि तुमच्या आजूबाजूला अक्षरशः तुमच्याच वेळेचे लोक उभे असतात.

न्यूयॉर्कचे पाच पूल, सुरुवातीलाच व्हेराझानोचा चढ, पंचविसाव्या किलोमीटरच्या आसपास क्वीन्सबरो पूल, शेवटी फिफ्थ अव्हेन्यूचा लांबलचक चढ. त्याच मुताईने २०११ मध्येच इथे २:०५:०६ दिले आणि तो तेव्हाचा कोर्स रेकॉर्ड ठरला, यावरून रस्त्याची जात कळावी. अर्धी १:२९ मध्ये पार करणाऱ्याने इथे तीन तासांची आशा धरू नये. त्याच तयारीत तीन-चार मिनिटं जास्त लागतील असं धरून निघावं.

लंडनमध्ये वेगवेगळ्या जागांवरून निघालेले प्रवाह काही किलोमीटरनंतर एकत्र येतात, तिथे क्षणभर लय मोडते. बाकी रस्ता वेगवान, पहिले पाच किलोमीटर उताराचे. त्या उतारावर वेग वाढला तर पुढे भरावा लागतो, हे सोडलं तर तक्रार नाही.

जपानची निवडक शर्यतींची परंपरा या तुलनेत वेगळी उभी राहते. फुकुओका (१९४७ पासूनची) आणि लेक बिवा या शर्यतींत अडीच तासांच्या आसपासची वेळ दाखवल्याशिवाय प्रवेशच नसे. लेक बिवाच्या २०२१ च्या अखेरच्या शर्यतीत केंगो सुझुकी २:०४:५६ मध्ये पहिला आला आणि एकाच शर्यतीत चाळीसहून जास्त जण २:१० च्या आत आले. अव्वल फळीच्या घनतेचं याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही. पण ही घनता सर्वसामान्य वेगवान हौशी धावपटूच्या वाट्याला येत नाही. उलट टोकाला दुबई: सपाट रस्ता, २०१८ मध्ये विजेत्याची वेळ २:०४:००, पण अव्वल धावपटू गेल्यावर मागे रस्ता पटकन रिकामा होतो. विजेत्याच्या वेळेवरून शर्यत निवडली की अशी फसगत होते.

कॅलिफोर्निया इंटरनॅशनल मॅरेथॉन मुद्दाम सांगण्यासारखी. फोल्समहून सॅक्रामेंटोकडे, डिसेंबरच्या सुरुवातीला, शंभर मीटरपेक्षा थोडा जास्त निव्वळ उतार. अमेरिकेच्या ऑलिंपिक निवड शर्यतीसाठी पात्रता मिळवायला इथे धावपटू डझनांनी जमतात. २०२० च्या निवडीसाठी महिलांची मर्यादा २:४५ होती तेव्हा ३:५४ च्या पेसचा महिलांचा गट इथे मिळायचा, आणि असा गट जगात फार कमी ठिकाणी मिळतो. रस्ता मात्र सपाट समजू नका, ३२-३३ किलोमीटरपर्यंत तो लाटांसारखा वरखाली होत राहतो.

डोंगरावरून खाली येणाऱ्या शर्यतींत वेगवान फिनिशर भरपूर दिसतात. त्यांना या तुलनेत आम्ही धरतच नाही. बोस्टननेही २०२७ पासून १,५०० फुटांपेक्षा जास्त उताराच्या शर्यतीत काढलेल्या वेळेत पाच मिनिटं, ३,००० फुटांच्या पुढे दहा मिनिटं वाढवायचं ठरवलं आहे, आणि ६,००० फुटांपासून वेळ ग्राह्यच नाही. योग्य निर्णय.

आकड्यांवर विश्वास ठेवण्याआधी आणखी तीन गोष्टी तपासा. एक, अंतर. रस्ता मोजताना सायकलच्या मोजणीवर हजाराला एक, म्हणजे ४२ मीटर, जास्तच धरतात, कारण कमी भरण्याची जोखीम नको. तरी चूक होते: मँचेस्टर मॅरेथॉन २०१३ ते २०१५ अशी तीन वर्षं ३८० मीटर कमी भरली होती. ४:१६ च्या पेसला ते ९७ सेकंद होतात, म्हणजे ३:०१ चा माणूस कागदावर तीन तासांच्या आत. दोन, मॅटच्या नोंदी. दर पाच किलोमीटरची वेळ नसलेले निकाल मोजणीतून काढून टाका. तीन, वर्ष. २०१७ पासून कार्बन प्लेटचे बूट बाजारात आले आणि २०२० मध्ये सोलच्या जाडीवर ४० मिलिमीटरची मर्यादा आली. २०१५ च्या यादीची २०२४ च्या यादीशी तुलना केली तर तुम्ही शर्यती नव्हे, बूट मोजत असता.

शर्यत ठरली की शेवटचं काम सुरुवातीच्या जागेचं. वेगवान गर्दीचा फायदा तुम्ही योग्य गटात उभे असाल तरच मिळतो. नोंदणीच्या वेळी अधिकृत निकालाची लिंक द्या; बहुतेक शर्यती ठरावीक कालावधीतलीच वेळ मानतात, म्हणून जुना पीबी चालेल असं गृहीत धरू नका. पुरावा न दिलेल्याला मागे टाकतात, आणि मग चार-साडेचार तासांच्या लोकांना ओलांडत जावं लागतं. रस्ता सगळ्यात आखूड रेषेवर मोजलेला असतो, त्यामुळे गर्दीत बाहेरून वळणाऱ्याच्या घड्याळात ४२.६ किलोमीटर सहज भरतात. त्या हिशेबाने तीन तासांसाठी घड्याळावरचा पेस ४:१६ नव्हे, ४:१३ हवा. ही आखूड रेषा दाखवणारी निळी रेघ रस्त्यावर आखलेली असेल तर तीच धरा. वळणावर आतल्या कडेकडे तिरकं जायची तयारी दोनशे मीटर आधीपासून करा, ऐनवेळी लोकांच्या पायांत शिरून नको.